थंडीतलं ताक

सिडको, नाशिक
२ जानेवारी २०२५

ती. आजोबांस,
ओवीचा सा. न. वि. वि.

फोनवर तुम्हाला नीट ऐकू येत नाही आणि तुम्ही ते कबूल करत नाही, म्हणून हे पत्र.

महिन्याच्या तिसऱ्या रविवारी शाळेत आनंद मेळावा आहे. प्रत्येकानं काहीतरी विकायचं. माझी भाऊबीज मी बॅडमिंटनच्या रॅकेटसाठी ठेवली होती. आई म्हणते, तीच भांडवल म्हणून घाल. बुडाली तर ती भरून देणार नाही, म्हणजे रॅकेट गेली. वर्गातले जवळजवळ सगळे भेळ करणार आहेत. मीही करू का? तुमचं कापडाचं दुकान होतं, म्हणून विचारते.

उत्तराकडे डोळे लावून बसलेली,
ओवी


कळवण
७ जानेवारी

चि. ओवी हिस अ. उ. आ.

मला सगळं ऐकू येतं. तुझी आजी बोलते तेवढं सोडून.

सगळे जे विकतात ते आपण विकू नये. तिखट भेळ खाल्ल्यावर माणूस काय मागेल? ताक. भेळवाल्यांच्या शेजारी उभी राहा. आजी म्हणते, दही घरीच लाव, पाणी बेतानं घाल. बुडालीस तर मी गुपचूप पैसे पाठवीन. आईला सांगू नकोस.

आजीचाही आशीर्वाद. जपून असावे.

तुझा आजोबा,
चिंतामण


नाशिक
२० जानेवारी

ती. आजोबांस,
सा. न. वि. वि.

तुमचं पत्र आधी आईनंच वाचलं.

मेळावा सकाळी आठला होता. ते मी लिहिलं नाही, तुम्ही विचारलं नाही. मैदानावर धुकं. सरसुद्धा कानटोपी घालून आले. माझ्यासमोर पातेलंभर गार ताक. सर्दी होईल म्हणून आया मुलांना ओढून नेत होत्या. मला रडू येत होतं, पण गिऱ्हाइकासमोर कसं रडणार?

शेजारी माझ्या वर्गातल्या गौरांगची भजी होती. शेगडी, बेसन, मिरच्या, सगळं त्याच्याकडे. पण भजी कोरडी लागतात म्हणून लोक पुढे जात. मी म्हटलं, ताकाची कढी करू, भज्यांबरोबर गरम गरम देऊ, नफा अर्धा-अर्धा. तो म्हणाला, आधी चव बघू. त्याच्या आईनं फोडणी दिली आणि मग रांगच लागली. मुख्याध्यापिका दोनदा आल्या. दुसऱ्यांदा त्यांना पातेलं रिकामं दिसलं.

भाऊबीज परत आली, वर नफाही झाला. तरी रॅकेट अजून घेतली नाही. रविवारी बाबांच्या अंबडच्या कारखान्यातल्या लोकांची क्रिकेट मॅच आहे, भल्या सकाळी. थंडी आहेच. गौरांग तयार आहे. बाबा म्हणाले, आजोबांना विचार.

आजोबा, या वेळी सल्ला नको. पैसेही नकोत. फक्त अंगणातला कढीपत्ता पाठवा.

लोभ आहेच; तो ताकासारखा पातळ होऊ देऊ नका.

तुमची,
ओवी

ता. क. कढीपत्ता फुकट नको. भाव कळवा.