सोसायटीला डॉक्युमेंटरीची गोडी लावताना

३ जानेवारी, शनिवार. मुलुंड
नव्या वर्षाचा संकल्प: सोसायटीला चांगल्या डॉक्युमेंटरीज बघायला लावायच्या. लोक म्हणतात बोअर असतात. बघायच्या कशा हेच कुणाला कळत नाही. रिटायर झालेल्या माणसानं समाजाला काहीतरी द्यावं. ग्रुपवर पहिली शिफारस टाकली, मुंग्यांवरची. थरारक, शेवट अजिबात चुकवू नका. शेवट मी उद्या बघणार आहे. सुरुवातीलाच डोळे मिटले होते, पण ते कॉमेंटरी नीट ऐकू यावी म्हणून.

६ जानेवारी, मंगळवार
दुसरी शिफारस: इटलीतले चीजचोर. हसून हसून पुरेवाट होते, असं लिहिलं. तळमजल्यावरच्या शिवदासांनी विचारलं, चोर सापडतात का? म्हटलं, सांगितलं तर मजा जाईल. एकदा बघायला हवं खरं.

९ जानेवारी, शुक्रवार
आमची लेक गंधाली फिल्मचा कोर्स करतेय. डिप्लोमासाठी तिनं घरातल्याच माणसावर डॉक्युमेंटरी केलीय म्हणे. गेलं वर्षभर घरात कॅमेरा घेऊन फिरत होती, तेव्हाच ओळखलं होतं. कुणावर, ते सांगत नाही. सरप्राइज असणार. माझा इंटरव्ह्यू घेतला नाही, हे जरा खटकलं. पण हल्ली माणसाला बोलायला लावत नाहीत, सहज टिपतात.

१३ जानेवारी, मंगळवार
ग्रुपवर जाहीर केलं: रविवारी महिला मंडळाच्या हळदीकुंकवात गंधालीची फिल्म. पुरुषांनीही यावं. अत्यंत मनोरंजक, खात्री माझी. मंडळाच्या मधुवंतीबाईंनी विचारलं, तुम्ही पाहिलीत का? म्हटलं, पाहायची काय, जगलोय. जयंतीनं वाणाच्या डब्यांवरून मान वर करून माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा डबे पुसायला लागली. बायकोच्या डोळ्यात अभिमान दिसला.

१८ जानेवारी, रविवार, संध्याकाळ
वाट लागली.
प्रास्ताविक मीच केलं. लक्ष देऊन कसं बघावं, यावर बोललो. तिळगूळ संपत आला तेव्हा गंधालीनं माइक काढून घेतला.
फिल्म जयंतीवर आहे. जयंती पोहायला शिकली! वर्षभर, रोज सकाळी, महापालिकेच्या स्विमिंग पूलवर. मला वाटायचं भाजीला जाते. आधी कठडा घट्ट धरून उभी, मग एक हात सोडून, मग कठडा कुठच्या कुठे. हॉलमध्ये बायका टाळ्या वाजवत होत्या. मला वाजवता येईनात.
मी आहे त्यात. सोफ्यावर, तोंड उघडं, समोर टीव्हीवर पेंग्विन. सगळ्यात मोठा हशा तिथेच. गंधाली कॅमेऱ्यामागून विचारते, बाबाला सांगितलंस का? जयंती केस पुसत म्हणते, सांगितलं ना, तीनदा. हे हो हो म्हणाले.
शिवदास जाताना म्हणाले, खूपच मनोरंजक, अगदी तुम्ही लिहिलं होतंत तस्संच.

२० जानेवारी, मंगळवार
फार वाईट वाटतंय. ग्रुपवर शिफारशी बंद. जयंतीला विचारलं, आता पुढे काय? म्हणाली, रविवारी बोरिवलीला ज्येष्ठ महिलांची स्पर्धा आहे. येतो म्हटलं. ती म्हणाली, कशाला, नुसतं बसून राहावं लागतं आणि माझी शर्यत बघता बघता संपते. म्हटलं, येणार म्हणजे येणारच. पहिल्या रांगेत बसणार. यावेळी सगळं बघणार, सुरुवातीपासून शेवटापर्यंत.

२५ जानेवारी, रविवार, दुपार
पहिल्या रांगेतच बसलो होतो. मुद्दाम कडक चहा घेतला. ऊन छान पडलं होतं. पाण्याचा आवाज, माइकवर एकामागून एक नावं. जयंतीच्या आधी बऱ्याच शर्यती होत्या.
ती तिसरी आली. शेजारच्या बाईंनी हलवून सांगितलं.
डोळे उघडले तर जयंती समोर उभी. केस ओले, गळ्यात मेडल. तिनं माझ्या हातातला कलंडलेला कप काढून घेतला आणि म्हणाली, गंधालीनं शूट केलंय, घरी जाऊन बघा. घाबरू नका, छोटंसंच आहे.