भावाला धरलंय म्हणं

४ नोव्हेंबर
सकाळी लोनवाल्या पोरीचा फोन. म्हणलं, बैलाच्या नावानं दे, मला वेळ न्हाई. मग बँकवाला. कार्ड बंद पडंल म्हणला. पडू दे म्हणलं, कार्डच न्हाई माझ्याकडं. वेचणीच्या बाया खोळंबल्यात अन् ह्यांचं चालूच. कापूस मात्र चांगला निघाला.

६ नोव्हेंबर
आज हिंदीतला. पोलिस बोलतोय म्हणं. "तुम्हारे भाई को पकडे. पैसे भेजो, छोड देते."
"रखो उसको. मेरे से बात नहीं करता वो."
भावाचं नाव इचारलं तर कट. लबाड मेला. बाया हसून बेजार.
दिगूशी त्याच्या पोरीच्या लग्नापासून बोलणं बंद. सख्खी आत्या मी, अन् हळदीला आधी दुसरीला बोलवलं. न जेवता निघून आले पाथरीहून.
फोन खोटा हाय, म्हाईत हाय. तरी भाकर गोड लागंना.

७ नोव्हेंबर
हे सकाळपासून मागं लागले, लाव फोन भावाला. मी का लावू म्हणलं. मग लावला. माझा नवा नंबर त्याच्याकडं न्हाई.
"दिगू, मी आक्का. बरा हाईस ना?"
"आक्काचा आवाज काढायलाव का? माझी आक्का मला फोन करीत न्हाई." अन् कट.
लय तापले. मग बरं बी वाटलं. धडधाकट हाय, अन् कुणाला फसायचा न्हाई.

८ नोव्हेंबर
शेतात असताना दिगूचाच फोन. हॅलो न्हाई, काय न्हाई.
"खरी आक्का असशील तर सांग, लग्नातून न जेवता का गेलीस?"
बाया कान देऊन. तरी सांगितलं. "हळदीला आधी आत्याला बोलवत्यात. तू बायकोच्या बहिणीला बोलवलंस."
मग म्हणला, "आक्काच हाय."
माफी मागितली न्हाई. मी बी न्हाई. तिकडचा कापूस, इकडचा कापूस, ह्यांचा गुडघा... बायांची कापसाची तासं वेचून संपली तरी आमचं चालूच.

१० नोव्हेंबर
दिगूची म्हैस याली. चीक पाठवतो म्हणला, दुपारच्या एसटीनं. डायवरजवळ देतो का सोता घेऊन येतो, बोलला न्हाई. मी इचारणार बी न्हाई.
साडी बदलून ताडकळसच्या स्टँडवर चालले. चीक आणायला नवी साडी लागती का म्हणून हे हसायलेत. हसू दे.