डावऱ्याचा पुतळा

पेनालोंगा, ४ जून १९८७

चि. एलादिओ यास दोसिंदाताईचे अनेक आशीर्वाद.

आईचे गुडघे सोडले तर इकडे सगळे मजेत आहेत. तिकडे बासेलला तुझ्या इमारती आणि तुझं पोट, दोन्ही वाढत असणार.

बाबांचा पुतळा परवा चौकात बसवला. छातीत धूळ जाऊन गेलेल्या पाथरवटांचं हे स्मारक, आणि खाली नाव आपल्या बाबांचं, अमारोचं, असं नगराध्यक्षांनी कबूल केलं होतं. पण हसावं की रडावं कळत नाही. पुतळ्याच्या डाव्या हातात हातोडा आहे!

ग्रॅनाइट आपल्याच खाणीचा, गुलाबी. पण इथे डुकरांचं कुंडसुद्धा ग्रॅनाइटचं, त्यामुळे दगडाचं कोणाला काय कौतुक? चेहऱ्याकडेही कोणी बघितलं नाही. या गावात माणूस ओळखतात तो हातावरून, आणि डावरा पाथरवट गावात एकच झाला, बेनिग्नो. तो एकोणऐंशी वर्षांचा असून ठणठणीत आहे. न्हावी त्याला आता पुतळेमहाराज म्हणतो आणि त्याच्या दाढीचे पैसे घेत नाही. सोळा ऑगस्टला, सान रोकेच्या जत्रेत, पुतळ्याखाली नाव कोरायचं आहे, आणि अर्धी नगरपालिका म्हणते की बेनिग्नोचंच कोरा. ज्याच्या दगडाची कपची बाबांच्या डोळ्यात गेली, ज्याच्याशी बाबा मरेपर्यंत अकरा वर्षं बोलले नाहीत, त्याचं!

शिल्पकाराला तू कोणता फोटो दिलास, ते उलट टपाली कळव. माया आहेच, पण सध्या तिच्यावर राग बसला आहे.

तुझी दोसिंदाताई

बासेल, १३ जून १९८७

ती. दोसिंदाताईस एलादिओचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून मी बांधकामाच्या परांचीवर इतका हसलो की मुकादमाला वाटलं मला लॉटरी लागली. चूक माझी नाही, त्या शिल्पकाराची आहे. मूळ फोटो माझ्याच्याने सोडवेना, म्हणून मी त्याला निगेटिव्ह पाठवली. त्या शहाण्याने ती उलटी धरून छापली असणार. बाबांचा उजवा तिथे डावा झाला.

मूळ फोटो रजिस्टरने पाठवतोय. त्यात हातोडा चांगला उजव्या हातात आहे. हा नगराध्यक्षांच्या नाकासमोर धर.

चेष्टा बाजूला ठेवून सांगतो. बाबा गेले तेव्हा मी नऊ वर्षांचा होतो. त्यांचा खोकला मला आठवतो, आवाज आठवत नाही. त्यांचं नाव मला त्या दगडावर हवं आहे, ताई. दुसऱ्या कोणाचं असलं तर मला ते सोसणार नाही.

आईला शि. सा. न. सांग. रागावर फुंकर घालून माझ्यावर लोभ ठेव.

तुझा एलादिओ

पेनालोंगा, २ जुलै १९८७

चि. एलादिओ यास अ. आ.

फोटो घेऊन मी तलवार घेतल्यासारखी नगरपालिकेत शिरले. नगराध्यक्षांनी तो उलटासुलटा करून पाहिला आणि म्हणाले, बाई, फोटो तुमचा खरा, पण गाव ऐकत नाही. मी तणतणत घरी आले, तर दारात बेनिग्नो उभा! हातात टोपी. एक्कावन्न सालानंतर पहिल्यांदा.

तो म्हणाला की पुतळा अमारोचा आहे हे त्याने पहिल्याच दिवशी ओळखलं. छिन्नी इतकी खाली धरणारा दुसरा कोणी नव्हता. आणि मग त्याने जे सांगितलं ते मला ठाऊकच नव्हतं. दगड घडवायच्या शेडमध्ये सगळ्यांच्या कपच्या एकीकडे उडायच्या, या डावऱ्याच्या दुसरीकडे, थेट शेजारच्या बाबांच्या तोंडावर. डोळ्याला लागल्यावर बाबांनी तक्रार केली आणि याला रांगेतून हाकललं, पार दाराशी, जिथे वारा आणि पावसाचा झोत यायचा. हा अकरा वर्षं कुडकुडत बाबांना शिव्या देत राहिला. आणि तोच वारा त्याची धूळ बाहेर नेत राहिला. आतल्या रांगेतले चौदाच्या चौदा स्मशानात आहेत.

म्हणाला, दोसिंदा, तुझ्या बापाने मला हाकललं म्हणून मी जगलो, आणि मी त्याच्या मयतीलासुद्धा आलो नाही. नाव अमारोचंच, आणि ते मीच कोरणार. गावाचं काय ते मी बघतो.

आई मात्र आतून ओरडली की अमारो रोज घरी येऊन खुशीत सांगायचा, त्या डावऱ्याला आज मस्त गारठवला! मग ती बराच वेळ कोबी चिरत बसली. मला बाबांचा फार राग आला रे. दाराची जागा त्यांनी स्वतःच घेतली असती तर? पण आतली जागा मानाची होती.

माया कमी होऊ देऊ नकोस.

दोसिंदाताई

बासेल, ५ ऑगस्ट १९८७

ती. ताईस सा. न. वि. वि.

जत्रेला येत नाही. पाय मोडला. पाच मजल्यांच्या परांचीवरून कधी पडलो नाही, न्हाणीघरात पडलो. तुझं पत्र दहादा वाचलं. कोरताना तू तिथे उभी राहा आणि सगळं मला लिही, काही गाळू नकोस. आईलाही ने. लोभ राहू दे.

लंगडा एलादिओ

पेनालोंगा, १७ ऑगस्ट १९८७

चि. एलादिओ यास अ. आ.

काही गाळत नाही. बँडवाले बेसूर, पाद्री लांबलचक, जेवणातला ऑक्टोपस चिवट. कोण कोणाचं नाव कोरतंय यावर गावात पैजा लागल्या होत्या. बेनिग्नो चौथऱ्यापाशी गुडघे टेकून बसला, छिन्नी लावली, डावा हात उचलला. पहिलाच घाव बसला आणि गुलाबी धूळ त्याच्या तोंडावर आली.

तेवढ्यात आई उठली. नगराध्यक्षांचं भाषण चालू असताना त्यांच्या समोरून गेली, कारंज्यात आपला रुमाल बुडवला आणि बेनिग्नोच्या नाकातोंडावर करकचून बांधला. सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली, थेरड्या, माझ्या नवऱ्याला हे करावं असं कोणालाच सुचलं नाही, मलासुद्धा नाही; तू तरी खोकून मरू नकोस.

अमारो हे नाव पुरं व्हायला दीड तास लागला. रुमाल वाळत आला की आई तो पुन्हा भिजवून आणायची, आणि तोवर बेनिग्नो हातोडा खाली ठेवून मुकाट थांबायचा.

पाय सांभाळ, आणि आम्हा दोघींवरची तुझी माया आहे तशीच राहो.

तुझी दोसिंदाताई