वावटळीत गेलेलं पातेलं

माझ्या भांडखोर आईस,

तू गेल्यावर तुला पत्र लिहीन असं कधी वाटलं नव्हतं. जिवंतपणी दोन ओळी धाडल्या तरी म्हणायचीस, "कागद कशाला नासतीस? एस्टीत बस आणि ये की!" आता तू आहेस तिकडं एस्टी जात नाही, म्हणून नासते कागद.

झालं असं, की आज तुझ्या नातीच्या, सुमीच्या लग्नाची भांडी घ्यायला गेले होते. नावं घालणारा म्हणाला, "मावशी, नाव कुणाचं घालू? देणाऱ्याचं का घेणाऱ्याचं?" आणि मला भर दुकानात असं हसू फुटलं की बिचाऱ्यानं मशीन बंद केलं. "देणाऱ्याचं घाल," म्हटलं, "आणि गावासकट घाल बाबा!"

आठवतंय का गं? कोयनेचा भूकंप झाला त्याच वर्षीचा वैशाख. माझं लग्न ठरलेलं. तू घरातलं एकूण एक भांडं चिंचेनं घासून अंगणात मांडलं होतंस. उन्हात वाळायला म्हणे! आपल्या सगळ्या कळंबा गावानं बघावीत म्हणून मांडली होतीस, खोटं बोलू नकोस.

दुपारी तळ्याच्या अंगानं ती आली. वावटळ कसली, मातीचा खांबच चालत आला. आबांनी आपल्याला दगडी गोठ्यात ढकललं. बाहेर येऊन बघतो तर घरावर पत्रा नाही, गल्लीत कुणाच्याच घरावर नाही आणि अंगण झाडल्यासारखं मोकळं. देवाची कृपा, माणूस एकही दगावलं नाही. आबा हात जोडून उभे होते. आणि तू काय ओरडलीस? "अगं बाई, माझी भांडी!"

भांडी गेली होती लोकांच्या उसात, विहिरीत, कुणाच्या परड्यात. माणसं मात्र सोन्यासारखी! ज्याला जे सापडलं त्यानं नाव वाचलं आणि नावाच्या घरी नेऊन पोचवलं. पण आहेराच्या भांड्यावर नाव असतं देणाऱ्याचं, हे एकाच्याही डोक्यात आलं नाही. आत्यानं दिलेली परात आत्याकडं, काकीनं दिलेला डबा काकीकडं! मग ती सगळी आपापलं भांडं घेऊन धावत आली आणि रिकामं कुणीच आणलं नाही. कशात भडंग, कशात पिठलं, कशात गूळ. डोक्यावर छप्पर नव्हतं आणि त्या आठवड्याएवढं आपण कधी जेवलो नव्हतो.

सगळी भांडी आली, पण मामाचं पितळी पातेलं आलं नाही. 'शिवा पैलवान, बिद्री' असं ठसठशीत नाव होतं त्याच्यावर. तू वरवर म्हणायचीस, "गेलं तर गेलं." पण येणाऱ्या जाणाऱ्याला विचारत होतीस, मला दिसत नव्हतं का?

काय तुम्ही बहीणभाऊ! जत्रेच्या जेवणात मामा शेवटच्या पंगतीला बसला आणि नेमका त्याच्यापाशी येऊन पांढरा रस्सा संपला. तो म्हणाला, "सख्ख्या भावाला नुसत्या तांबड्यावर भागवतीस व्हय?" तू म्हणालीस, "गिळायचं तर गिळ!" झालं, तो ताटावरून उठला आणि तुमची तोंडं वर्षानुवर्षं बंद. रश्श्यापायी! माझ्या लग्नात माझ्यामागं मामा म्हणून कोण उभं राहणार, या विचारानं मी गुपचूप रडायची. तुला विचारायची सोय नव्हती. "परक्याला उभा करीन, पर त्येला बोलवायची न्हाय," म्हणायचीस.

आणि ते पातेलं होतं कुठं? रस्त्याकडेला सापडलं गारगोटीच्या गाडीच्या कंडक्टरला. त्यानं नाव वाचून सरळ बिद्रीत मामाच्या दारात दिलं!

मामाला वाटलं, आक्कानं आहेर परत धाडला. कायमचं तोडलं! तो दुसऱ्याच दिवशी तणतणत निघाला. मामी म्हणाली, "भांडायला खुशाल जावा, पर भांडं रिकामं न्यायचं न्हाय." आणि तिनं त्यात भरला पांढरा रस्सा! मुद्दामच भरला तिनं, पक्की होती ती. एवढा पैलवान गडी, पातेलं फडक्यात बांधून मांडीवर घेऊन एस्टीत बसला. भांडणाची वाक्यं मनात जुळवायचा आणि वळणावर रस्सा हिंदकळला की विसरायचा. त्यानंच सांगितलं नंतर.

रस्त्यावरूनच ओरडत आला, "आक्का, नातं तोडायचं तर तोंडावर सांग की! भांडी काय धाडतीस?" मग त्यानं मान वर केली.

"आक्का... छप्पर कुठं हाय?"

"वर गेलंय," तू म्हणालीस. "बस."

तो मटकन खाली बसला आणि पातेलं पोटाशी धरून ढसाढसा रडला. तूही रडलीस, पण चुलीच्या धुराचं निमित्त केलंस. तीन दगडांची तुझी ती चूल, धूर सगळा आभाळात जात होता!

मग सगळ्या गल्लीला जेवायला बसवलंस. पहिली वाटी मामाला. "आज कमी पडायचा न्हाय," म्हणालीस आणि वाढत सुटलीस. शेवटी स्वतःचं ताट घेतलंस, पातेल्यात डाव घातलास तर डाव कोरडा! मामानं एकदाच बघितलं. "आक्का," म्हणाला, "आता ऊठ की ताटावरनं!" सगळी गल्ली पोट धरून हसली. आणि त्यानं आपली वाटी तुझ्या ताटात सरकवली. तुला इतकं मनापासून हसताना मी त्याआधी कधी बघितलं नव्हतं गं.

तोच मामा माझ्यामागं उभा राहिला, माझ्यापेक्षा मोठ्यानं रडत.

आता त्याचे दात गेलेत, मामीही नाही. तरी सुमीच्या लग्नाला येतो म्हणालाय. लग्नाचं गोडधोड आटपलं की दुसऱ्या दिवशी मटण करणार आहे. तुझ्या हातचा पांढरा रस्सा मला जमत नाही. विचारलं की म्हणायचीस, "अंदाजानं घाल." कुणाचा अंदाज गं, माझा का तुझा?

पण आई, शब्द देते. पहिली वाटी मामाला वाढीन. एक वाटी तुझ्या नावानं झाकून ठेवीन, गल्ली उपाशी राहिली तरी देणार नाही. आणि तो निघाला की आता माझ्याकडं असलेलं त्याच्या नावाचं ते पातेलं काठोकाठ भरून, मांडीवर घेऊन, मी स्वतः बिद्रीला पोचवीन. वावटळीची वाट बघणार नाही.

तुझी,
तुझ्याइतकीच भांडखोर,
शालन