मास्तर माझ्या आवाजात बोलतात

४ एप्रिल
स्नायूंच्या दुखण्यात मास्तरांचा डावा हात आज पूर्ण गेला. सकाळी चमचा पडला. दुपारी हात कीबोर्डवरून घसरला तो त्यांना उचलताच आला नाही. उजव्याचा अंगठा आणि दोन बोटं उरली. मास्तरांनी पडद्यावर लिहिलं, ‘दहाची फॅक्टरी तिनावर आली.’ आणि हसले. हसण्याला आवाज नाही आता, नुसते खांदे हलतात. मला काही हसू आलं नाही. मोरी घासत बसले.

सतरा वर्षं पोरांना कॉम्प्युटर शिकवला यांनी, म्हणून सारी गल्ली मास्तर म्हणते, मीही. घरचा लॅपटॉप म्हणजे यांचा देव्हारा. त्यात लिनक्स, आणि सगळे शॉर्टकट स्वतःच्या मनाचे. दुसरा कोणी बसला की भलतंच काही उघडायचं. आता त्यातला एकही शॉर्टकट यांच्या हाताला पुरत नाही. तीन-तीन की एकदम दाबायच्या, त्या कशा दाबणार.

७ एप्रिल
नुसत्या आकड्यांचा छोटा कीपॅड आणला, वायरवाला. उजव्या हाताखाली उशी, उशीवर तो. एक की, एक वाक्य, असं ठरलं. मास्तर सांगतात, मी करते. सांगतात म्हणजे काय, पडद्यावर सगळी अक्षरं मांडलेली, त्यांच्यावरून पिवळा चौकोन सरकत जातो, हवं तिथं आला की हे पाच दाबतात. एका वाक्याला पंधरा मिनिटं. माझ्यासारख्या घाईच्या बाईला ही शिक्षाच आहे.

सेटिंगमध्ये जायचं, कीबोर्ड, मग शॉर्टकट, पार खाली ‘कस्टम’. तीन रकाने. नाव, कमांड, की. नावात काही घाला, चालतं. कमांडमध्ये एक टिंब चुकलं की झालं, मशीन हो म्हणत नाही, नाही म्हणत नाही. अरे, शिवी तरी दे ना बाबा! फाइलच्या नावात जागा सोडली म्हणून अख्खी दुपार गेली.

८ एप्रिल
मशीनचा मराठी आवाज लावून पाहिला. ‘मला पाणी हवे आहे.’ बँकेत टोकन पुकारते ती बाई. मास्तरांनी तोंड वाकडं केलं (तेवढं येतं अजून). मग लिहिलं, ‘तुझा.’
म्हटलं, माझा काय?
‘आवाज.’
स्वयंपाकघराचं दार लावून रेकॉर्ड केलं. विचारलं, शुद्ध बोलू का? ‘बोलतेस तशी बोल.’ तर मग, मले पाणी दे. मले कुशीवर कर. कफ अडकला. लघवी. हो. नाही. शेजारचा मिक्सर दोनदा मध्ये आला.

संध्याकाळी शिलाईवर बसले होते, आतून माझाच आवाज, मले पाणी दे. दचकलेच. मग ‘आले’ म्हटलं.

१२ एप्रिल
एक नंबरला हाक ठेवली. अंगठा तिथंच टेकतो. ‘शोभा, धावत ये!’ एवढी जोरात बोंबलले की समोरच्या वहिनी खरंच धावत आल्या. आकडे दिसले नाही तरी बोटाला कळावं म्हणून प्रत्येक कीवर चिंधी चिकटवली. एकावर लाल मखमल, पाचावर खादी, आठावर अस्तर. ब्लाउजच्या चिंध्यांना अखेर काम मिळालं. नमलॉकवर पुठ्ठा डकवला, ते चुकून दाबलं गेलं की सगळ्या की मुक्या.

मास्तर खूष. सहावर त्यांनी मुद्दाम बसवून घेतलं, ‘भाजीत मीठ जास्त झालं वं.’ आणि आज जेवताना चारदा वाजवलं! मेल्या, म्हटलं, हात गेले पण खोड नाही गेली.

२० एप्रिल
सासूबाई आल्या खाप्याहून, आता इथंच राहतील. मला तेवढंच बाहेर पडता येईल. पहिल्यांदा माझ्या आवाजात पोराचं बोलणं ऐकलं तर पदर तोंडाला. “बापूचा आवाज कुठी गेला वं?” दोन दिवसांनी सवय झाली. आता की वाजली की माझ्याकडे न पाहता त्याच्याकडे पाहून उत्तर देतात. बरं वाटलं.

२ मे
ऊन नुसतं फोडून काढून राहिलं. कूलर दिवसभर चालू. त्याचा वारा थेट छातीवर येतो, मास्तरांना सोसत नाही. म्हणून नववर नवीन, ‘कूलर कमी कर.’ नववरही मखमल लावली, तोच तुकडा हाताशी होता. मग कीपॅड त्यांच्या उशीवर ठेवून, समोरासमोर बसून दहा मिनिटांत सेट केलं. मशीनने मध्ये काहीतरी विचारलं, बदलू का वगैरे. हो म्हटलं. बाहेर वहिनी ब्लाउज घ्यायला उभ्या होत्या. दाबून पाहिलं, वाजलं. झालं.

६ मे
दवाखान्याच्या व्हरांड्यातून लिहून राहिले. सगळं लिहायचंच आहे.

तीन तारखेला दुपारी बर्डीवर बाजारात गेले, अस्तर आणि हूक आणायला. दीड तास. आले तर कूलर बंद, खिडक्या बंद, खोलीची भट्टी झालेली, आणि मास्तर निळे. कफ अडकून. तोंड उघडं, डोळे दारावर. सासूबाई पलंगाशी रडकुंडीला. “तो सारखा म्हणे, कूलर कमी कर, कूलर कमी कर. म्या कमी केला. बंद केला. तरी तेच. मी चिडली त्याच्यावर, बंद तर केला ना रे बाप्पा, आता मोडू काय त्याले?”

कफ मशीनने ओढला, गाडी बोलावली, इथं आणलं. वाचले.

कूलरचं वाक्य मी एकावर बसवलं होतं. मी समोर बसले होते, कीपॅड मला उलटा. माझ्याकडून जो नऊ, तो त्यांचा एक. दोन्हीवर तीच लाल मखमल. आकडे मीच झाकलेले. आणि मशीनने विचारलं होतं, ही की आधीच ‘हाक’ला दिली आहे, बदलू का? मी वाचलं नाही.

ते मला बोलावून राहिले होते. जीव जाऊन राहिला होता आणि माझ्याच आवाजात कूलर, कूलर. ‘कफ अडकला’च्या कीपर्यंत बोट पोचलंच नसेल, अंगठा एकावरच. किती वेळा दाबलं असेल. अंगठ्याची कातडी निघाली आहे.

८ मे
डॉक्टरबाईंनी बाजूला घेतलं. छातीचे स्नायू सुटत चालले. आता नाकावर मास्क, तो काही दिवस पुरेल. पुढच्या खेपेला गळ्याला भोक पाडून नळी आणि तिला मशीन. लावली की कायमची. मग वर्षानुवर्षंही जगतील. बोटं मात्र जाणारच.
“घरी बोला, ठरवा,” म्हणाल्या.
सासूबाईंनी ठरवूनच टाकलं, “लावा. काय विचारायचं त्यात?”
मीही मान हलवली.

११ मे
घरी. मखमल दोन्हीवरची ओरबाडून काढली. एकावर हाक परत बसवली, या वेळी त्यांच्या बाजूला बसून, तीन-तीनदा वाजवून. मग सांगितलं त्यांना, चूक माझी होती. मशीनची नाही, आईंची नाही.
चौकोन सरकत राहिला. बराच वेळ. ‘माहीत होतं. वाचत जा.’
वर्गातल्या पोराला सांगावं तसं. मी बाथरूममध्ये जाऊन रडले.

१४ मे
आज वीस मिनिटं लिहीत होते. वाटलं, खायला काही हवं असेल. ‘नळी नको. शून्यवर बसव.’
मी म्हटलं, काय येडेपणा लावला.
आणखी पंधरा मिनिटं. ‘बोटं गेली की मी आत, मशीन बाहेर. तेव्हा नको कसं म्हणू.’
लॅपटॉप बंद केला मी. धाडकन.

१५ मे
दिवसभर त्यांच्याकडे पाहिलं नाही. अंग पुसलं, पेज भरवली, पाहिलं नाही. मला हवेत हे. मुके हवेत, लोळागोळा हवेत, पण हवेत. मला विचारलं का कोणी? सतरा वर्षं पोरांना शिकवून थकत नव्हते आणि मला या दुखण्याच्या दोन वर्षांत सोडून निघाले.

१७ मे
मास्तरांनी की दाबणं बंद केलं. कालपासून एकही नाही. पाणी नाही, कूस नाही. अंदाजाने करून राहिले सगळं. सासूबाई, “बापू, बोल ना रे, काही तरी बोल.” अंगठा बाजूला काढून ठेवलेला. मी विचारलं, दुखतं का? नाही. म्हणजे ‘नाही’चीही की दाबली नाही, नुसतं पाहणं. आडमुठा माणूस. लग्नाच्या आधी माझी आई म्हणाली होती, मुलगा शांत आहे गं. शांत!

दुपारी पाठीला लाल चट्टा दिसला. कुशीवर करा म्हणायला हवं होतं, म्हटलं नाही.

१८ मे
केलं रेकॉर्ड. पहिल्यांदा रडतच बोलले. ‘रडका नको. डॉक्टर तुलाच समजावत बसतील.’ दुसऱ्यांदा, ‘भाजीची यादी वाचतेस का.’ पाचव्यांदा जमलं.
“मला गळ्यात नळी नको. मशीन नको. हे मी शुद्धीत सांगतो आहे.”
शुद्ध भाषेत बोलले या वेळी. ते म्हणाले नव्हते, मीच.
सेटिंग, कीबोर्ड, शॉर्टकट, कस्टम. नाव काय देऊ विचारलं. ‘नको.’ एवढंच. मशीनने या वेळी काही विचारलं नाही, शून्य रिकामा होता.
मग लगेच दोन दाबलं त्यांनी. मले कुशीवर कर.

१९ मे
सासूबाईंनी ऐकलं. आम्ही वाजवून पाहत होतो तर दारात उभ्या.
“हे त्यानं म्हटलं का तू म्हटलं?”
त्यांनीच, आई.
“आवाज तुया. बोटं तू लावली. खटका तू बसवला. लोकं काय म्हणतील वं शोभे, बायकोनं नवऱ्याच्या नावानं नको म्हणून टाकलं? तुले कंटाळा आला का त्याचा?”
मास्तरांनी आठ दाबलं, नाही, नाही, नाही, माझ्याच आवाजात. त्याचा तर उलटाच उपयोग झाला.

मास्तरांच्या धाकट्या भावाला फोन केला, म्हटलं, तुमच्या आवाजात द्या दोन वाक्यं. म्हणाला, “वहिनी, माझ्यानं नाही होणार असं बोलणं.” ठेवला.

२६ मे
दवाखाना. लॅपटॉप, कीपॅड, सगळं घेऊन. डॉक्टरबाईंनी नळीचं विचारलं. मास्तरांनी शून्य दाबलं. खोलीत माझा आवाज, शुद्ध, खणखणीत. डॉक्टरबाईंनी त्यांच्याकडे नाही, माझ्याकडे पाहिलं. मी ओठ घट्ट मिटून उभी होते, तरी पाहिलं.

पण बाई शहाणी. मला आणि सासूबाईंना बाहेर काढलं आणि अर्धा तास हो-नाहीवर प्रश्न विचारले. आज उन्हाळा आहे का. हा हात तुमचा का. नळी लावू का. उलटून-पालटून. मग आम्हाला बोलावलं.
“कळतं त्यांना सगळं. फाइलमध्ये लिहिते. पण त्या दिवशी मी परत विचारीन. श्वास लागला की भलेभले मन बदलतात, मी पाहिलंय. त्यांना की दाबून सांगता आलं तर त्यांचंच ऐकणार. डोळ्यांच्या उघडझापीवर एवढं मोठं नाही लिहिणार मी. सांगता नाही आलं तर घरच्यांना विचारावं लागेल.”


३० मे
दोन्ही बोटं गेली. अंगठा आहे. पाचापर्यंत पोचत नाही, म्हणून पिवळा चौकोन आता एक दाबून थांबवतात. तिथली हाक काढून टाकली, मी खोली सोडतच नाही. अंगठा एकावर आणि शून्यावर, एवढाच पोचतो. मला वाटत राहतं, त्या दिवशी मन बदलतील. बदलू दे. हो लिहिता आलं पाहिजे त्यांना, म्हणून एकावरचं तपासते सारखं. शून्य तपासत नाही.

४ जून
सकाळपासून मास्क लावूनही दम. ओठ काळसर. गाडी बोलावली, अर्धा तास लागेल म्हणे. पिशवी भरली. फाइल, दोन चादरी, कफाचं मशीन. लॅपटॉप भरला. बाकी काही सुचत नाही म्हणून हे लिहिते.

सासूबाई हळूच आल्या. रडत नव्हत्या. “शोभे, तो खटक्यांचा डब्बा राहू दे घरी. घाईत राहून गेला म्हणू. मी माया अंगावर घेतो. तुले कोणी नाही बोलणार. तुले पण पाहिजे ना तो? खरं सांग.”

खरं सांगायचं तर हो. पाहिजे. एवढंच करायचं, काही करायचं नाही. तिथं डॉक्टरबाई विचारतील, हे डोळे मिटतील-उघडतील, आणि मी सही करीन. उद्या हे घरी नसले तरी असतील. परवा असतील. चिडतील माझ्यावर, पण असतील ना.

कीपॅड अजून उशीवर आहे, त्यांच्या अंगठ्याखाली. ऐकलं त्यांनी सगळं, कान चांगले आहेत. दाबत काही नाहीत. मास्क धुरकट होतो, साफ होतो. मी विचारलं, अहो, अजूनही तेच का? अंगठा हलला की श्वासाने हात हलला, कळलं नाही. लॅपटॉप पिशवीत, वाजणार कुठून.

खाली गाडीचा हॉर्न. स्ट्रेचर घेऊन दोघं वर येऊन राहिले. सासूबाईंनी दार उघडलं. मी उशीवरून कीपॅड उचलला, वायर गुंडाळली. हातातच आहे, ना पिशवीत ना उशीवर. मास्तर मला पाहून राहिले, आणि सासूबाई पण.