आप्पा, तारीख मी काढली होती

बीड,
१४ मे

प्रिय आप्पा,

आधी माफी मागते. तुम्हाला जाऊन आठ महिने झाले आणि मी तुम्हाला एक ओळ लिहिली नाही. डायरी रोज लिहिते, तिच्यात तुमचं नाव रोज येतं. पण ते तुमच्याविषयी असतं, तुमच्याशी नसतं. आज लिहायला बसले, कारण मला काही सुचत नाहीये आणि हे विचारावं असं दुसरं कुणी नाही.

गोष्ट आपल्या ब्लॉगची आहे.

आठवतं ना? मेंढरांमागं चालता चालता तुमचा फोन यायचा. "लिव्ह माय," म्हणायचात आणि सुरू व्हायचात. कुठल्या तळ्यात पाणी आहे, कुठं चारा उरलाय, कुणाच्या वावरात मेंढरं बसवायला जागा मिळते. मी कागदावर उतरवून घ्यायचे आणि रविवारी टाइप करायचे. बघता बघता पार धर्मापुरीपर्यंतचे मेंढपाळ ते वाचायला लागले. किती हसला होतात तुम्ही! "मी बोलतो रानात आन् वाचत्यात कुटं कुटं!"

तुमच्यानंतर मी ब्लॉग मोडू दिला नाही, हे खरं. रानात रेंज नसते म्हणून फोटो लहान केले, आता पान लवकर उघडतं. "पाणी" एवढंच नाव असलेल्या नोंदींना गावाचं नाव जोडलं, म्हणजे शोधणाऱ्याला सापडेल. सगळ्याची एक प्रत पेनड्राइव्हवर ठेवली. सोपी कामं सगळी केली. अवघड एकच होतं, ते टाळलं.

दहा दिवसांपूर्वी धर्मापुरीच्या सोपानरावांची कमेंट आली. तुम्ही त्यांना कधी भेटला नव्हता, पण ते तुमचं सगळं वाचायचे.

"आप्पा, रामराम. तुमचं वाचून लिंबागणेशच्या वरल्या तळ्याला मेंढरं घेऊन गेलतो. तळं ठणठणीत कोरडं. दोन कोकरं वाटंतच गेली. तुमी कावून आसं लिवलं?"

आप्पा, ती नोंद दोन वर्षांपूर्वीची होती! तेव्हा तळं काठोकाठ भरलेलं होतं. "आज गेलतो, पाणी लई हाय, बिनघोर या," असं तुम्ही सांगितलं आणि मी लिहिलं. खोटं काहीच नव्हतं. फक्त वर तारीख नव्हती.

तारीख मी काढली होती. एकदा कुणीतरी लिहिलं, "आठ दिसाचं शिळं पाणी पाजता व्हय?" उशीर माझा होता, मी रविवारशिवाय टाइप करत नव्हते. मला इतकी लाज वाटली की सेटिंगमध्ये जाऊन सगळ्याच नोंदींच्या तारखा लपवून टाकल्या. दिवसभर ग्रंथालयात पुस्तकांवर तारखेचे शिक्के मारणारी मी!

तुमच्या लक्षात आलं होतं. "तारीख कुटं गेली गं?"

"अशी साइट सुटसुटीत दिसते आप्पा."

"सुटसुटीत? आगं, खूण नसलेलं मेंढरू दुसऱ्याच्या कळपात जातं."

मग तुम्ही पुढं का नाही रागावलात? एरवी दोरीच्या गाठीवरून रागवायचात! शिकलेल्या लेकीला काय सांगायचं, असं वाटलं का?

पण खरी चूक याच्याही पुढची आहे. दोन दिवसांनी सोपानरावांनी परत लिहिलं, "रागात न्हाई लिवलं आप्पा. लई दिस झालं, तुमचं नवं काई न्हाई. तब्बेत बरी हाय ना?"

ब्लॉग तुमच्या नावानं उघडलेला. मी लिहिलं, "बरी हाय." आणि पाठवून दिलं.

का लिहिलं? मला खरंच माहीत नाही. डायरीत चार कारणं लिहिली आणि चारही खोडली. क्षणभर तुम्हीच रानातून सांगताय असं वाटलं, हे पाचवं. तेही खरं की सोयीचं, कुणास ठाऊक.

त्यावर काल त्यांचं उत्तर आलं. "लई बरं वाटलं. कोकरांचं जाऊ द्या. परवा नेकनूरला येतो, तुमची गाठ घेतो. माजा फोन लंबर खाली लिवलाय."

शिवाला फोन करून सांगितलं. तुमचा कळप आता तोच सांभाळतो. तो म्हणाला, "आक्का, बापाच्या नावानं बापाची तब्बेत सांगितलीस? लई शिकलीस बग!" आणि वर विचारलं, "तो मानूस हितं आला तर मी त्याला काय दाखवू? आप्पाची काठी?"

वेबसाइट कशी सांभाळावी यावर मी बरंच वाचलं. जुन्या नोंदी ताज्या करा, लेखकाची ओळख वेळोवेळी तपासा. तुमच्या ओळखीत अजून लिहिलेलं आहे, "आप्पा नेकनूरजवळ मेंढरं राखतात." ते कसं तपासू? तारखा परत लावल्या की शेवटच्या नोंदीखालीही तारीख दिसेल, आणि कुणीही वाचेल की त्यानंतर तुम्ही बोललेला नाहीत. तारखा नाहीत तोवर तुमचं "आज" अजून चालू आहे. लाज वाटली म्हणून तारखा काढल्या होत्या, पण या आठ महिन्यांत त्या लावल्या नाहीत त्या यासाठी तर नव्हे? आणि माझ्या त्या "आज"साठी दुसऱ्याची कोकरं गेली!

तुमचा शब्द मी बदलणार नाही, आप्पा. पण प्रत्येक नोंदीवर तारीख लावीन, आणि पाण्याच्या नोंदींखाली माझ्या नावानं लिहीन की हे पाणी त्या दिवसाचं होतं, आता जाण्याआधी विचारून घ्या. तुमच्या नावानं पुन्हा एक अक्षरही लिहिणार नाही, हे वचन. ओळखीच्या पानाचं काय करायचं ते मला अजून कळलेलं नाही.

तुमची,
मंगल

उद्याचं काम: सोपानराव नेकनूरची वाट धरायच्या आधी त्यांना फोन करणे.