हंड्याशी बोलू नये

४ मार्च
दोलोक सांगुलला सुखरूप पोचले. लामरिया एदा, माझी नणंद, बस थांबते तिथे येऊन उभीच होती. मला बघून म्हणाली, "अगं, हे पोट की भोपळा? आमच्या कुळाची अख्खी वरात घेऊन आलीस वाटतं!" माझा नवरा पार्लिन गेल्यापासून आज पहिल्यांदा हसले. पोटातलं हे बाळ, त्याचं एवढंच उरलंय माझ्याकडे.
घरामागेच यांची भट्टी आहे. उदाचे चांगले खडे व्यापारी नेतात. सालीला चिकटलेला चुरा उरतो, तो तांब्याच्या हंड्यात भरून खालून वाफ सोडायची. वाफ गार नळीतून उतरली की पाण्यावर तेल तरंगतं. त्याचा साबण करतात. काम जमेल मला.

७ मार्च
एदाचा नवरा माझा बाओ. रीतीप्रमाणे आम्ही एकमेकांशी थेट बोलत नाही. ते खांबाला सांगतात, "खांबा, बाईंना सांग, बादली उचलू नका." मीही खांबालाच उत्तर देते. आज भट्टीपाशी होते म्हणून हंड्यालाच म्हटलं, बाओंना सांग, वाफ कमी झालीय. एदाने मला बाजूला नेलं. म्हणाली, खांबाशी बोल, डुकराशी बोल, पण उदाच्या हंड्याशी नको. मेलेल्यांना बोलवायचं तर आपण काय जाळतो? ऊद निरोप पोचवतो.

१२ मार्च
भट्टीवर एकटीच होते. पार्लिन उदाच्याच झाडावरून पडला. मी पोचेपर्यंत संपलं होतं. राहवलं नाही. हंड्याला म्हटलं, त्याला विचार, फार दुखलं का.
झाकणाखालून आलं, नाही, हासियान.
लाडाने मला हासियान म्हणणारा तो एकटाच. खूप रडले. बरं वाटलं. कोणाला सांगितलं नाही.

१५ मार्च
रोज बोलतो आम्ही. आज त्याने बाळाचं विचारलं. केव्हा होणार. कुठल्या कुशीला असतं. मग म्हणाला, पोर बापाच्या कुळाचं, बापाकडेच राहतं.
मी जाळ विझवला. वाफ येतच राहिली.

१६ मार्च
एदाला सगळं सांगितलं. हा चुरा झाडाच्या बुंध्याशी परत टाकायलाच हवा, म्हणाली, आणि पोती घेऊन रानात गेली. बाओंनी खांबाला सांगितलं, बाईंना म्हणावं, कोठीत बसा, कडी लावा. मी हंडा फोडतो.

कोठीत
घणाचे घाव ऐकू येत होते. थांबले. बाओ ओरडले. मग काहीच नाही—
बाळ हलत नाही. नाही, हललं. हललं.
दाराखालून वाफ. उदाचा वास—
पावलं वाजली. फटीतून पाहिलं, बाओच आहेत. सदरा ओला, वाफाळता. जीव भांड्यात पडला. आता खांबाला सांगतील, बाईंना म्हणावं, झालं काम—
खांबाकडे बघितलंच नाही त्यांनी.
सरळ दाराशी आले. माझ्याशीच बोलतायत. आवाज बाओंचा. म्हणतात, कडी काढ, हासियान, आपलं लेकरू—